ठिगळ कशाचे, ते रुग्णाला सांगा

(सहायक मंडळ्यांच्या वार्षिक मेळाव्यात वैद्यकीय सेवेच्या सत्रात केलेले भाषण)



पाळकसाहेबांनी मला अर्धा तास दिला आहे आणि विषय हर्नियाचा आहे. मघाशी चहाच्या वेळी महिला संघाच्या एका भगिनीने विचारलेच, ‘ताई, मिशनच्या मेळाव्यात हर्निया कशाला?’ कारण असे की, पोटाच्या ऑपरेशनसाठी ‘जैविक जाळी’ लागते, ती फार महाग असते, तर आम्ही त्यासाठी वर्गणी काढू का, अशी विचारणा आपल्याच मंडळ्यांतून माझ्याकडे आली आहे. देणाऱ्याचे मन मोठे आहे, त्याबद्दल देवाचे आभार. पण पैसे देण्याआधी ती जाळी म्हणजे काय, ते आपल्याला कळले पाहिजे. आणि ज्याच्या पोटात ती जाणार, त्याला तर आपल्याही आधी कळले पाहिजे. आज मुख्यतः एवढेच बोलायचे आहे.

हर्निया म्हणजे पोटाच्या भिंतीला पडलेले भोक. स्नायूंच्या आणि पडद्याच्या त्या भिंतीत कुठेतरी कमजोर जागा होते आणि आतले आतडे किंवा चरबी तिथून बाहेर डोकावते. जांघेत होतो, बेंबीला होतो, जुन्या ऑपरेशनच्या टाक्यांवर होतो. सातपुड्याच्या पाड्यांवर लोक ‘आतडं उतरलं’ म्हणतात. उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकवर चढणारा माणूस, लाकडाचा भारा घेऊन डोंगर उतरणारी बाई, बिडीने किंवा क्षयाने वर्षानुवर्षे खोकणारा म्हातारा, यांच्या पोटावर रोज जोर येतो. झोपले की गोळा आत जातो, म्हणून कोणी दवाखान्यात जात नाही. दुखत नाही, मजुरी बुडते, जाऊ दे. असे पाच-सात वर्षे चालते.

मग एखाद्या रात्री गोळा आत जात नाही. तो कडक होतो, दुखू लागतो, उलट्या होतात, वारा सरत नाही, शौचाला होत नाही. याचा अर्थ आतडे भोकात अडकले आहे आणि त्याचा रक्तपुरवठा बंद पडू शकतो. इथून पुढे हिशेब तासांचा असतो. ही लक्षणे कृपा करून लक्षात ठेवा आणि आपापल्या गावी सांगा. बायकांना मांडीच्या वरच्या भागात लहानसा हर्निया होतो, तो तर अडकण्याची भीती आणखी जास्त. संकोचाने त्या दाखवत नाहीत.

आता जाळीकडे येते. पूर्वी सर्जन भोकाच्या दोन्ही कडा ओढून टाके घालत. ओढून शिवलेली जागा ताणावर राहते आणि पुष्कळांची पुन्हा उसवते. येशूने सांगितलेला कोऱ्या कापडाच्या ठिगळाचा दाखला आपल्याला माहीत आहे: जुन्या वस्त्राला ते लावले की ते ओढले जाते आणि फाटलेले आणखी फाटते. दाखल्याचा अर्थ वेगळा आहे, मी तो ऑपरेशन थिएटरमध्ये नेत नाही. पण ताण आला की शिवण फाटते, हे शिंप्याला आणि सर्जनला सारखेच ठाऊक असते. १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत डॉ. फ्रान्सिस अशर यांनी प्लॅस्टिकच्या धाग्याची जाळी वापरायला सुरुवात केली. पुढे १९८०च्या दशकात डॉ. लिक्टेनस्टाइन यांनी जांघेच्या हर्नियाला कडा न ओढता वरून जाळी बसवण्याची पद्धत रुळवली. शरीर त्या जाळीच्या छिद्रांतून स्वतःचे तंतू विणते आणि भिंत घट्ट होते. ही साधी जाळी पॉलिप्रोपिलिनची असते. बहुतेक हर्नियांना हीच लागते.

याबाबतीत आपल्या खानदेशाला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट आहे. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचाचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी पाहिले की कंपनीची जाळी गरिबाला परवडत नाही, म्हणून खेड्यातला सर्जन पुन्हा ओढूनच टाके घालतो. त्यांनी मच्छरदाणीचे कापड तपासले. धागा जवळपास त्याच जातीचा. ते कापून, धुऊन, निर्जंतुक करून त्यांनी वापरले, इतर ठिकाणच्या सर्जनांना दिले आणि २००३ साली इंडियन जर्नल ऑफ सर्जरीमध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. पुढे युगांडात याची नीट चाचणी झाली. तिथल्या कमुली या गावच्या मिशन रुग्णालयात ३०२ पुरुषांची ऑपरेशने केली. निम्म्यांना मच्छरदाणीची जाळी, निम्म्यांना महागडी. एक वर्षाने पाहिले तर स्वस्त जाळीच्या गटात एकाचा हर्निया परत आला होता, महागड्या गटात कोणाचाच नाही. दोन्ही गटांत इतर त्रास सारखाच. २०१६ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनने हे छापले. (कोणी घरची मच्छरदाणी कापून दवाखान्यात आणू नका! बाजारातल्या पुष्कळ मच्छरदाण्यांना कीटकनाशक लावलेले असते. कापड कोणते आणि ते किती तापमानाला निर्जंतुक करायचे, हे डॉक्टरांचे काम.)

मग जैविक जाळी कशाला निघाली? कारण जिथे पू आहे, जिथे आतडे फुटले आहे, जिथे आधीची जाळीच सडली आहे, तिथे प्लॅस्टिक घालायला सर्जन घाबरत. जंतू धाग्याला चिकटून बसले की जाळी काढावी लागते. म्हणून असे ठिगळ शोधले गेले, जे शरीर आपलेसे करील. ते बनवण्यासाठी कातडी किंवा पडदा घेतात, त्यातल्या सगळ्या पेशी धुऊन काढतात आणि मागे उरतो फक्त कोलॅजनचा सांगाडा. विटा काढून घेतल्यावर बांबूची परात उभी राहावी, तसा. तो निर्जंतुक करून पोटात शिवला की रुग्णाच्या स्वतःच्या पेशी आणि रक्तवाहिन्या त्यात शिरतात आणि हळूहळू तिथे नवे ऊतक तयार होते.

कल्पना सुंदर आहे. पण कातडी कोणाची? काही जाळ्या मृत माणसाने दान केलेल्या त्वचेच्या असतात. पुष्कळ डुकराच्या कातडीच्या. काही डुकराच्या लहान आतड्याच्या अस्तराच्या. काही गाईगुरांच्या कातडीच्या किंवा त्यांच्या हृदयाभोवतीच्या पिशवीच्या. डब्यावर इंग्रजीत ‘पोर्साइन’ किंवा ‘बोव्हाइन’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ डुकराचे आणि गाईगुराचे. पाड्यावरच्या माणसाला सोडाच, इथे बसलेल्यांपैकी किती जणांना तो शब्द कळला असता?

एक बाब मुद्दाम सांगते, म्हणजे कोणी उगाच घाबरणार नाही. प्राण्यापासून आलेल्या वस्तू दवाखान्यात नव्या नाहीत. कॅटगटचे टाके मेंढीच्या किंवा गुरांच्या आतड्यापासून बनतात. रक्त गोठू नये म्हणून देतात ते हेपॅरिन डुकराच्या आतड्यातून काढतात. हृदयाच्या झडपाही डुकराच्या आणि गाईच्या असतात. जीव वाचवण्यासाठी त्या वापरल्या जातात आणि अनेक धर्मांचे लोक त्या स्वीकारतात. माझा आक्षेप वस्तूला नाही, गप्प राहण्याला आहे.

धडगावच्या बाजूचे एक बाबा आहेत, साठीच्या आसपासचे. ते आपल्या मंडळीतले नाहीत. गळ्यात तुळशीची माळ, मांस आणि दारू सोडून वीसच्या वर वर्षे झालेली. त्यांच्या हर्नियात आतडे अडकले. बांबूच्या झोळीतून खाली रस्त्यापर्यंत आणले, तिथून गाडीने शहरात. पोट उघडून खराब आतडे कापावे लागले. जीव वाचला, ज्या डॉक्टरांनी रात्री उठून ते केले त्यांचे उपकारच. पण जखम पिकली आणि वर्षभरात बेंबीपासून खालपर्यंत टाक्यांच्या जागी मोठा फुगवटा आला. एका कोपऱ्यातून अजून पू येत होता. शहरातल्या एका खासगी दवाखान्याने कागद हातात दिला: पुन्हा ऑपरेशन, जैविक जाळी, काही लाख रुपये. संमतीपत्र इंग्रजीत होते आणि त्यावर अंगठा आधीच उमटलेला होता.

मुलगा मदतीसाठी आपल्याकडे आला. मी दवाखान्यात जाऊन विचारले, जाळी कशाची आहे? डॉक्टर प्रामाणिकपणे म्हणाले, डुकराच्या कातडीची. बाबांना सांगितले का? ते म्हणाले, तेवढ्या तपशिलात आम्ही जात नाही.

बाहेर बाकावर मुलगा मला म्हणाला, ‘ताई, सांगू नका. बा नाही म्हणेल. आणि परत आतडं अडकलं तर? झोळी उचलायला तुम्ही येणार का?’

हा प्रश्न मी अजून विसरलेले नाही. त्याच्या जागी मी असते तर कदाचित मीही तेच म्हटले असते. तो बापाला फसवत नव्हता, वाचवत होता. पण मी त्याला म्हटले, ‘दादा, पोट त्यांचे आहे. तू शेजारी बस, आपण दोघे मिळून सांगू.’ आणि पावरीत जमेल तसे सांगितले. जिथे माझी भाषा अडली तिथे मुलगाच बोलला.

बाबांनी तीन गोष्टी विचारल्या. जाळी नंतर काढतात की कायमची राहते? ही नाही घातली तर मी मरेन का? दुसरे काही आहे का? मला वाटते, सुशिक्षित माणसाला याहून चांगले प्रश्न सुचले नसते. थोडा वेळ ते माळेशी चाळा करत बसले आणि म्हणाले, ‘देव समजून घेईल. पण मला माहीत असेल ना.’ त्यांनी नको म्हटले.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते, म्हणून आम्ही दुसऱ्या सर्जनकडे गेलो. त्यांनी तपासून सांगितले की आज जिवाला धोका नाही आणि आजच जाळी घालायची गरजही नाही. आधी आतला जुना अडकलेला धागा काढू, जखम कोरडी होऊ द्या, बिडी बंद, अंगात रक्त वाढू द्या, तोवर पट्टा बांधा. मग स्वच्छ जागेत साधी जाळी बसवू. गोळा कडक झाला तर मात्र एक तासही थांबायचे नाही. सहा-सात महिने गेले. त्या काळात मुलाने मला रोज रात्री फोन केला असेल. शेवटी साधी जाळी बसली. जखम भरायला वेळ लागला, पण भरली. बाबा आता जड उचलत नाहीत, शेळ्या राखतात.

प्रत्येकाचे असेच होईल, असे मी म्हणत नाही. काही जखमांना थांबायला वेळ नसतो आणि तिथे सर्जनचा निर्णय वेगळा असू शकतो. पण महाग म्हणजे चांगले, हा समज मोडायला एक पुरावा सांगते. अमेरिकेत पाच रुग्णालयांनी मिळून २५३ रुग्णांवर चाचणी केली, दूषित जागेतल्या हर्नियांचीच. म्हणजे ज्यासाठी जैविक जाळी निघाली, नेमके तेच रुग्ण. निम्म्यांना डुकराच्या कातडीची जाळी, निम्म्यांना साधी पॉलिप्रोपिलिनची. दोन वर्षांनी जैविक गटात सुमारे २० टक्के रुग्णांचा हर्निया परत आला होता, साध्या जाळीच्या गटात ६ टक्क्यांहून कमी. जखमेचा त्रास दोन्हीकडे जवळपास सारखा. आणि किंमत? साध्या जाळीची १०५ डॉलर, जैविक जाळीची २१,५३९ डॉलर. आपल्या पैशात एक काही हजारांची, दुसरी कित्येक लाखांची. हे २०२२ साली प्रसिद्ध झाले. कोलॅजनचा सांगाडा काळाने सैल पडतो, ताणतो, हे त्यामागचे एक कारण सांगतात.

आपल्याकडच्या किमती तेवढ्या नसतात. तरी आपल्या लोकांसाठी त्या शेत गहाण टाकण्याइतक्या नक्की असतात.

आता आपल्यातले कोणी म्हणतील, आणि खरे तर एकाने मला म्हटलेच, की ‘ताई, ही तर साक्ष देण्याची संधी होती. पेत्राला दर्शन झाले ना, देवाने शुद्ध केले ते निषिद्ध मानू नको म्हणून? ते त्या बाबांना सांगायचे.’ प्रेषितांची कृत्ये, अध्याय १०. थिऑलॉजीच्या पदविकेला असताना मी या अध्यायावर टिपण लिहिले होते, म्हणून थोडे बोलते. ते दर्शन झाले तेव्हा पेत्र यापो येथे कातडी कमावणाऱ्या शिमोनाच्या घरी राहत होता. ज्या धंद्याला यहुदी लोक अशुद्ध मानत, त्याच घराच्या धाब्यावर त्याला ती चादर उतरताना दिसली. आणि त्याचा अर्थ त्याने काय लावला? कर्नेल्याच्या घरात तो सांगतो की कोणाही माणसाला अशुद्ध म्हणायचे नाही, हे देवाने मला दाखवले. ते दर्शन पेत्राला होते. त्याने चादर उचलून कोणाच्या तोंडात काही कोंबले नाही.

आणि पौल तर आणखी पुढे जातो. करिंथकरांस पहिले पत्र, आठवा अध्याय काढून घरी वाचा. मूर्तीला वाहिलेले मांस खायला पौलाची स्वतःची हरकत नव्हती. तरीही दुसऱ्याच्या विवेकाला त्याने धक्का लागतो, तर मी ते खाणार नाही, असे तो म्हणतो. मला स्वतःला विचाराल तर, गरज पडली तर डुकराची कातडी माझ्या पोटात शिवायला माझी ना नाही. पण ते माझे पोट. ज्या माणसाला आपण गुंगी देऊन टेबलावर झोपवतो, त्याच्या विवेकाला जाग नसताना त्याच्या शरीरात काहीतरी ठेवायचे आणि नंतर त्याला साक्ष द्यायची, हे मला सुवार्तेच्या जवळपासचेही वाटत नाही.

काहींना डुकरापेक्षा मृत माणसाच्या त्वचेचे जड जाते. एका आजीने मला विचारले होते, ज्याची कातडी त्याचे क्रियाकर्म नीट झाले का? आपण हसू नये. ज्याने दान केले त्याचा मान राखला गेला का, हेच ती विचारत होती.

कायद्याची बाजूही माहीत असू द्या. २००८ साली समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की संमती म्हणजे नुसता अंगठा नव्हे. उपचार कोणता, कशासाठी, त्यात धोका काय, त्याला पर्याय कोणते, नाही केला तर काय होईल, हे रुग्णाला समजेल एवढे सांगितले पाहिजे. म्हणजे ‘जाळी कशाची?’ असे विचारणारा कार्यकर्ता डॉक्टरांच्या कामात नाक खुपसत नाही.

पर्यायांवरून आठवले. ‘जैविक’ म्हणजे परदेशी डबाच, असे नाही. पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांनी जांघेच्या हर्नियासाठी अशी पद्धत काढली की रुग्णाच्याच पोटावरच्या मजबूत पडद्याची एक पट्टी, तिची मुळे न तोडता, कमजोर जागेवर शिवायची. ना प्लॅस्टिक, ना डुक्कर, ना गाय. हे त्यांनी २००१ साली प्रसिद्ध केले. पोलंडमध्ये २०८ पुरुषांवर तिची जाळीशी तुलना झाली. तीन वर्षांत दोन्ही गटांत दोन-दोन जणांचाच हर्निया परत आला. ती जांघेच्याच हर्नियाला लागू आहे, पोटावरच्या मोठ्या फुगवट्याला नाही, आणि तो पडदाच पातळ झाला असेल तर करता येत नाही. पण सर्जनला विचारायला हरकत कसली?

आता वर्गणीचे. माझे मत असे आहे की जैविक जाळीसाठी वेगळा निधी उभारू नये. तेवढ्या पैशात लहान गोळा असतानाच कितीतरी लोकांचे ऑपरेशन होऊ शकते. जांघेचा हर्निया पुष्कळदा जागा बधिर करूनच करतात आणि त्याला मोठे रुग्णालय लागत नाही. सरकारी योजनेत काय बसते, ते योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारावे. कागद पुरे करायला आपली माणसे मदत करतील. आपला पैसा खरा लागतो तो वेगळ्याच ठिकाणी: येण्या-जाण्याच्या भाड्याला, सोबत राहणाऱ्याच्या जेवणाला, आणि ऑपरेशननंतरच्या दोन महिन्यांच्या बुडालेल्या मजुरीला. मुकादमाची उचल फेडायची असते म्हणून टाके ओले असताना माणूस पुन्हा उसात उतरतो आणि केलेले सगळे वाया जाते. या खर्चाचा फोटो छापता येत नाही, म्हणून त्याला देणगीदार मिळत नाही, हे मी जरा स्पष्टच बोलते. खजिनदारांनी रागावू नये.

आणि एखाद्या रुग्णाला सर्जनच्या मते जैविक जाळीच हवी असेल, त्याला सगळे सांगून झाले असेल आणि तो हो म्हणाला असेल, तर त्या एकासाठी कार्यकारिणीपुढे जरूर या. तो हो म्हणाला, हे त्याच्याच तोंडून ऐकून या.

शेवटची विनंती. मी एका पानाचा कागद केला आहे, पाच प्रश्नांचा: जाळी लागणार का, कशाची, कायम राहणार का, दुसरा उपाय कोणता, एकूण खर्च किती. मराठीत तयार आहे. पण मराठी ही त्या लोकांची दुसरी भाषा आहे. पावरी, भिली, मावची किंवा कोकणा बोलणारे जे इथे आहेत, त्यांनी जेवणानंतर मला मागच्या दाराशी भेटावे. आपण तो प्रत्येक भाषेत मोबाइलवर बोलून रेकॉर्ड करू. म्हातारी माणसे असतील तर आधी त्यांना पाठवा, त्यांचे शब्द आपल्यापेक्षा चांगले असतात.